सादड्यावरची वटवाघळं

मी शहाद्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि तापीच्या दक्षिणेला आमच्या गावात, सासरी राहते. घरामागे आमचं पपईचं शेत, शेताच्या कडेला नाला आणि नाल्यावर अर्जुनसादड्याचं जुनं, धिप्पाड झाड. त्याच्यावर वटवाघळांची वस्ती होती. तांबूस मानेची, कुत्र्यासारख्या तोंडाची, फळं खाणारी मोठी वटवाघळं. लग्नानंतर पहिलं वर्ष मी त्यांच्या वासाने खिडकी बंद ठेवली. पुढे पुढे संध्याकाळचा चहा घेऊन बांधावर जाऊ लागले. ती एकेक करून उठत, तापीवरच्या बंधाऱ्यामागे साठलेल्या फुगवट्यावर जात, उडता उडता पोट पाण्याला घासून वर येत आणि मग ओलं पोट चाटून तहान भागवत.

सासऱ्यांना, म्हणजे नानांना, माझं हे वेड पटत नसे. "त्या आपली पपई खातस, नि तू त्यासले देखत बठस," ते म्हणायचे.

वर्गात मी एकदा दूरच्या पावसाळी जंगलातल्या स्लॉथचा व्हिडिओ दाखवला होता. झाडाला उलटा लटकून तो अख्खा दिवस काढतो. एका मुलीने विचारलं, "मॅडम, झोपेत पकड सुटत नाही का?" मी सांगितलं, वटवाघळाचं बघ. त्याच्या पायाची पकड त्याच्या वजनानेच घट्ट होते. धरून राहायला जोर लागत नाही, सोडायला लागतो. त्या उत्तराचा अर्थ मला त्या मे महिन्यात नीट कळला.

शाळेला सुट्टी होती. ऊन रोजच वाढत होतं. एका दुपारी सादड्यावरचा कलकलाट थांबला म्हणून मी डोक्याला ओढणी गुंडाळून बाहेर आले. सगळी वटवाघळं पंखांनी वारा घेत होती. मनगटं चाटून अंग ओलं करत होती. माद्यांनी पिल्लांना पंखाखाली घेतलं होतं. थोड्या वेळाने ती शेंड्याकडून खाली सरकू लागली आणि खोडाच्या सावलीच्या बाजूला एकमेकांवर चढून त्यांचा एक काळा गोळा झाला. वाचलेलं आठवलं. असा गोळा झाला की आतल्यांना हवाच मिळत नाही. तेवढ्यात पहिलं वटवाघूळ धप्पकन खाली पडलं.

मी धावत घरी गेले. फवारणीचा पंप दोनदा धुतला, हौदाचं पाणी भरलं आणि पाठीवर घेऊन झाडाखाली आले. फवारा वर जाताच गोळा फुटला. कितीतरी जणं भर उन्हात उडाली, गरगर फिरली आणि कोरड्या नाल्यात कोसळली.

नाना शेतातून ओरडत आले. "उठाडू नको त्यासले! उडी उडी मरी जातीन!"

मी पंप खाली टाकला. जवळ जावं तर उडून मरणार, लांब राहावं तर लटकून मरणार. वनखात्याच्या कार्यालयात फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, "ताई, हात लावू नका, जवळ जाऊ नका. आमची सगळी माणसं डोंगरात वणवा विझवायला गेली आहेत. उद्या पाठवतो." उद्या! मी बांधावर बसून राहिले. पडताना आवाज यायचा तेवढाच. जी पडत नव्हती त्यांच्यातली कोणती जिवंत आणि कोणती मेलेली, तेही कळत नव्हतं. मेल्यावरही त्यांचे पाय फांदी सोडत नव्हते.

उन्हं कलल्यावर नाना झाडाखाली गेले. एक मादी मरून पडली होती आणि तिचं पिल्लू अजून दूध ओढत होतं. नाना बराच वेळ वाकून बघत राहिले. मी हातात जाड फडकं गुंडाळलं, पिल्लू अलगद सोडवलं आणि भाजीच्या टोपलीत ठेवलं.

"नाना, तुषार सिंचनाच्या नळ्या झाडाखाली लावल्या तर? आपण जवळ जायचंच नाही. पाणी आपोआप उडत राहील."

"लाईट कोठे शे दिवसनी?" ते म्हणाले. त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची होती. मग स्वतःच म्हणाले, "डिझेल इंजिन काढू. पन मंग रोपेसले पानी भेटाव नही."

विहिरीला पाणी जेमतेम होतं आणि पपईची नवी रोपं नुकतीच लावलेली होती.

"माले त्या आवडतस असं समजू नको," एवढं बोलून ते नळ्या काढायला गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे वटवाघळं परत यायच्या आत आम्ही नळ्या लावल्या. ऊन तापल्यावर नानांनी इंजिन सुरू केलं. पाणी खालच्या फांद्यांपर्यंतच पोहोचत होतं. पण हळूहळू वरची वटवाघळंही खाली सरकली, तोंड उघडून थेंब चाटू लागली. मला रडू आलं. नाना इंजिनाजवळून हलत नव्हते.

ऊन ऐन भरात असताना विहिरीने तळ गाठला. पाइप हवा ओढू लागला, फवारे बसले.

"नाना, थोडं तरी!"

"कोठून देऊ, बेटा?" त्यांनी इंजिन बंद केलं. मग पुन्हा ते धप्प, धप्प सुरू झालं. आम्ही दोघं गोठ्याच्या सावलीत उभं राहून ऐकत होतो.

संध्याकाळी वनरक्षक आले. हातमोजे घालून त्यांनी मेलेली वटवाघळं गोळा केली, खड्ड्यात चुना टाकून पुरली. ही उष्माघाताने मेली, असं त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितलं. तरी तोंडाला रुमाल लावलेला शेजारी म्हणालाच, "रोग येई गावमा. झाड तोडी टाका." नानांनी त्याला एकाच वाक्यात परतवलं, "झाड मन्हं शे."

पिल्लू मी वनरक्षकांच्या हाती दिलं. नंतर फोन केला तेव्हा कळलं की ते जगलं नाही.

उरलेली वटवाघळं त्याच संध्याकाळी उठली, सादड्यावर एक फेरी मारून तापीपलीकडे गेली आणि परतली नाहीत. पपईच्या काही ओळी जळाल्या. नानांनी पाऊस पडल्यावर तिथे मिरची लावली.

आता रोज एसटीने तापीचा पूल ओलांडताना मी पलीकडच्या काठावरची झाडं बघते. मागच्या महिन्यात रस्त्याकडेच्या निलगिरींवर थोडी वटवाघळं लटकलेली दिसली. आमचीच की दुसरी, कोण जाणे. निलगिरीची सावली विरळ असते, पानांतून ऊन सरळ खाली येतं. बस पुढे गेली. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय देखी ऱ्हायनी?" मी मान वळवून ती झाडं दिसेनाशी होईपर्यंत मागे बघत राहिले.