हात वर करायची नोकरी

आमच्या टेस्टिंग रेंजवरच्या रिकाम्या पुंगळ्या दर महिन्याला भंगारात जातात, किस्से मात्र तिथंच साचतात. कुणी चहा विचारला की आपोआप बाहेर येतात.

मी मुरुमची. बीएस्सी करून अणदूरजवळच्या माळावरच्या काडतुसांच्या कारखान्यात लागले. काम काय, तर रिव्हॉल्व्हरच्या गोळ्यांच्या प्रत्येक लॉटमधल्या थोड्या झाडून बघायच्या, सगळ्या सारख्या चालतात का. शिकवायला शेख उस्ताद, फौजेतून रिटायर झालेले. त्यांनी पहिले पंधरा दिवस मला रिव्हॉल्व्हरला हातच लावू दिला नाही. कानाला गार्ड लावून, पाठ फिरवून बसायचं आणि आवाज कमी वाटला की हात वर करायचा. मला लई राग यायचा. ह्यासाठी डिग्री घेतली का मी?

मे महिन्यात एका लॉटच्या गोळ्यांचा वेग सकाळी बरोबर यायचा, दुपारी वाढायचा. आमच्या मॅनेजर साहेबांनी बारूद विभागाला फैलावर घेतलं. उस्तादांनी फक्त सॅम्पलचं थंड कपाट उघडलं. आत आमच्या रेंजवरच्या जाधवांचा दह्याचा डबा! गोळ्यांचा खोका खिडकीत, उन्हात. जाधव म्हणाले, "दही आंबतंय हो उस्ताद."

गोळी उडाली नाही तर नळी समोरच्या वाळूच्या ढिगाकडंच धरून तीस मोजायचे, हा आमचा नियम. उशिरा उडाली तर? उस्तादांच्या घरी एकदा कुकरची शिट्टी होईना. त्यांनी घरच्यांना अंगणात काढलं आणि मोजायला लावलं. अठ्ठाविसाव्याला शिट्टी झाली. चाची, म्हणजे उस्तादांची बायको, अजून ते ऐकवतात.

उस्ताद रिटायर झाल्यावरची गोष्ट. पाहुणे आले होते, साहेबांना स्वतः गोळी झाडून दाखवायची हौस. लॉट टेस्टमध्ये पास झालेला. पहिली, दुसरी ठीक. तिसरीचा आवाज फुसका. माझा हात आपसूक वर गेला, पण बघतंय कोण? साहेबांचं बोट पुन्हा घोड्यावर. मी ओरडले, "थांबा!"

पाहुण्यांसमोर साहेबांवर ओरडले! रिव्हॉल्व्हर रिकामं करून नळीत सळई घातली, तर अर्ध्यात अडली. गोळी आतच. मागून चौथी गेली असती तर नळी फुटून साहेबांचा हात गेला असता. मला त्या पंधरा दिवसांची आठवण आली आणि उस्तादांबद्दल मन इतकं भरून आलं, की मी तिथंच रडले.

संध्याकाळी साहेब मला घेऊन अणदूरला उस्तादांच्या घरी गेले. शाल घातली, नारळ दिला, सगळं सांगितलं. उस्तादांनी शाल काढून नीट घडी घातली. मग मला म्हणाले, "बेटी, ह्याच लॉटच्या बाकीच्या गोळ्या कुठं हायत?"

त्या गोळ्या घेऊन दुपारीच गाडी सोलापूरकडं सुटली होती. साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि फोन काढला.