शकूताईंच्या शाळेतला पाहुणाचार

शकूताई गेल्या आणि लखनऊच्या शिक्षणक्षेत्रातला एक वटवृक्ष उन्मळून पडला… हे वाक्य मी त्या गेल्या त्याच दुपारी हिंदीत लिहून शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं होतं. बातमी सकाळी रेहानाआपांनी फोनवर दिली होती. रेहानाआपा म्हणजे शकूताईंबरोबर पहिल्या दिवसापासून शाळा चालवणाऱ्या बाई. त्यांचं उत्तर लगेच आलं. ‘डॉक्टर साहब, वटवृक्ष बाद में देखेंगे। कल बड़े बच्चों को कौन लेगा, यह बताइए।’ दुसऱ्या दिवशी मी गेलो. शाळा नेहमीसारखी भरली होती, नेहमीसारखा गोंधळ होता. याला महिना उलटून गेला. शाळा भरतेच आहे.

शकूताई मूळच्या अकोल्याच्या. यजमान हवाई दलात, शेवटची नेमणूक लखनऊजवळ बख्शी का तालाबला. निवृत्तीनंतर पुण्याला फ्लॅट घ्यायचा, हे आम्हा परमुलखातल्या मराठी कुटुंबांचं अलिखित कलम. शकूताईंनी ते मोडलं, कारण तोवर त्यांच्याकडे शिकायला येऊन व्हरांड्यात गोळा होणारी मुलं व्हरांड्यात मावेनाशी झाली होती. मग दोन भाड्याच्या खोल्या, अंगणात कडुनिंब, आणि आसपासच्या दूधवाल्यांची, भाजीवाल्यांची, गवंड्यांची मुलं. घंटा नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. मूल ज्याला हात घालील तिथून धडा सुरू. एक मुलगा दिवसचे दिवस हातपंपाशी बसून राहायचा. त्याची आई भांडायला आली, ‘मैडम, यह पढ़ता कब है?’ शकूताई म्हणाल्या, ‘अभी पंप पढ़ रहा है।’ पंपावरून तो पाण्यावर आला, पाण्यावरून मोजमापावर, आणि शेवटी, आईला हायसं वाटावं म्हणून, पाढ्यांवर.

मी आयुष्यभर एका संशोधन संस्थेत माती तपासली. शाळेत पहिल्यांदा गेलो तो भाषण द्यायला, छत्तीस स्लाइड घेऊन. शकूताईंनी लॅपटॉप कपाटात ठेवला आणि म्हणाल्या, ‘डॉक्टर, इथे एक रीत आहे. येणाऱ्या पाहुण्याने आधी एका मुलाकडून काहीतरी शिकायचं. मूल म्हणेल तेव्हाच उठायचं.’ मला शेळीचं दूध काढायला बसवलं. मला शिकवणारी मुलगी बरीच समजूतदार होती, शेळी नव्हती. स्लाइड राहिल्याच. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेलो आणि मग जातच राहिलो.

रीत गमतीची होती, पण तिच्यावर एकदा सगळी शाळा टांगणीला लागली. घरमालकाला मुलाच्या लग्नासाठी खोल्या परत हव्या होत्या. जवळच सरकारी बारातघर होतं, लग्नाच्या वऱ्हाडासाठी बांधलेला हॉल. बांधल्यापासून त्यात कुणाचा तरी भुसा भरलेला होता. ते शाळेला देणं एका मोठ्या साहेबांच्या हातात होतं, आणि ते साहेब आमच्या वार्षिक कार्यक्रमाला यायला तयार झाले. मी शकूताईंना गाठलं. म्हटलं, ‘एक दिवस रीत बाजूला ठेवा. हार घालू, दिवा लावू, स्वागतगीत म्हणू. माणूस खूश होऊन जाऊ दे.’ रेहानाआपाही या वेळी माझ्या बाजूने होत्या. ‘शकू, छत चाहिए कि उसूल?’

शकूताई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘या पोरांना आपण रोज सांगतो की तुम्हालाही शिकवता येतं. आता साहेब येणार म्हणून सांगू, की आज नाही, आज तुम्ही फक्त टाळ्या वाजवा? मग छत घेऊन त्याखाली काय करायचं, डॉक्टर?’ मला मात्र भीती होती. जागा नाही मिळाली तर उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

साहेब आले. बरोबर पीए, फोटोग्राफर, शिपाई, खिशात भाषण. त्यांना सतरंजीवर बसवलं आणि समोर आली काजल, नऊ-दहा वर्षांची, दूधवाल्याची मुलगी. तिने ठरवलं होतं, साहेबांना पतंगाचे कन्ने बांधायला शिकवायचे. पतंगाच्या पोटाला दोरा बांधतात, त्याला लखनऊत कन्ने म्हणतात. त्याची दोन टोकं किती लांब ठेवली यावर पतंग वर जाणार की गिरक्या घेत जमिनीवर येणार, ते ठरतं. साहेबांनी हसतहसत बांधले. फोटो निघाला. सगळे मागच्या मैदानात गेलो. पतंग गिरक्या घेत खाली आला.

‘खोलिए,’ काजल म्हणाली. ‘फिर से।’

दुसऱ्यांदा तेच. साहेबांचं हसू थोडं आखडलं. पीए पुढे झाला, ‘बिटिया, साहब को देर हो रही है। लाओ, मैं बाँध दूँ।’ काजलने पतंग पाठीमागे लपवला. ‘आप बाद में सीखिएगा। अभी अंकल की बारी है।’ पीएने शकूताईंकडे पाहिलं. शकूताई म्हणाल्या, ‘काजल जी से पूछिए। क्लास उनकी है।’ मी मनातल्या मनात भुसा पुन्हा बारातघरात भरला.

साहेब आता चिडलेच. काजलला म्हणाले, ‘तुम्हें इसके अलावा कुछ नहीं आता?’

‘आता है,’ काजल शांतपणे म्हणाली. ‘मगर आपको यह नहीं आता।’

रेहानाआपांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी मनगटावरचं घड्याळ काढून पीएच्या हातात दिलं, मातीतच मांडी घातली आणि विचारलं, ‘कहाँ ग़लत हो रहा है?’ काजल शेजारी बसली. तिने गाठ बांधून दाखवली नाही, त्यांचंच बोट धरून दोऱ्यावर ठेवलं. ‘यहाँ से नापिए। अब नीचे वाला। ढीला नहीं, अंकल!’ या वेळी पतंग उठला. सरळ, कडुनिंबाच्या वर, तारांच्या वर. मुलांनी असा काही ओरडा केला की रस्त्यावरची माणसं थांबली. साहेब तर मुलांपेक्षा मोठ्याने ओरडत होते. ते पतंगाची दोरी कुणाच्या हातात देईनात. पुढचा कार्यक्रम चुकला, भाषण खिशातच राहिलं. काजल शेवटी म्हणाली, ‘अब आप जा सकते हैं।’

त्या दिवशी साहेबांचं हृदयपरिवर्तन झालं, असं मी लिहिणार नाही. ते पुन्हा शाळेकडे फिरकले नाहीत. पण पावसाळ्याआधी बारातघर आम्हाला मिळालं. शकूताई, रेहानाआपा आणि मुलं यांनी मिळून भुसा काढला, भिंतींना चुना फासला. पहिल्या दिवशी शकूताई रिकाम्या हॉलच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘डॉक्टर, किती घुमतं हो इथे! आता गोंगाट शोभेल.’ इतक्या वर्षांत त्यांना बढाई मारताना मी ऐकलं ते एवढंच. तिथे शिकलेल्यांपैकी कुणी नर्स आहे, कुणी वायुसेनेत. पंपवाला मुलगा बोअरवेल खोदतो. काजल कॉलेजात आहे आणि शनिवारी लहानांना शिकवायला येते. शकूताई जिंकल्या, आणि कुणाचाही वशिला न लावता जिंकल्या. अशा वाक्यांची मला सवय नाही, पण हे खरं आहे.

हॉल देताना सरकारने एक अट घातली होती, की गावात लग्न निघालं तर तो रिकामा करून द्यायचा. शकूताईंनी ती आनंदाने मान्य केली. लग्नाच्या दिवशी शाळा मैदानात भरायची आणि मुलं वऱ्हाडाच्या पंगतीत जेवायची. शोकसभाही याच हॉलमध्ये झाली. दारापर्यंत माणसं. एका पुढाऱ्याने ‘युगनारी’पासून सुरुवात केली आणि तो शकूताईंचा पुतळा उभारण्यापर्यंत पोहोचला. रेहानाआपा उठल्या. ‘भाई साहब, ज़रा मुख़्तसर कीजिए।’ थोडक्यात आटपा म्हणत त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी लग्न होतं, आणि हलवाई भट्टी घेऊन बाहेर खोळंबला होता.