खात्रीसाठी दिलेला नंबर

माझ्या बायोडेटातलं पहिलं वाक्य होतं, 'पतीच्या दुकानात मदत केली.' ते मीच लिहिलं होतं आणि लिहून झाल्यावर मला बरंही वाटलं होतं. खोटं काही नाही, मिरवणं नाही. लेकीनं ते वाचलं आणि माझ्या हातातला पेन काढून घेतला.

"मदत कुणाला केली, मम्मी?"

"पप्पांना."

"पप्पा दुकानात असतात कधी?"

आमचं औरंगपुऱ्यात शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. हे सकाळी येतात, देवापुढं उदबत्ती लावतात, चहा घेतात आणि पैठण रोडला प्लॉटिंगच्या कामाला निघून जातात. संध्याकाळी येतात ते गल्ला बघायला. मधला सगळा दिवस मी असते आणि एक टेलर मास्तर असतात, ते फारसं बोलत नाहीत. लग्नानंतर थोड्याच दिवसांत हे असं सुरू झालं आणि तसंच राहिलं. पण दुकान कोण चालवतं असं कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे उत्तर द्यायची वेळ आली नव्हती. गिऱ्हाईक यायचं, मला बघायचं आणि म्हणायचं, "भाभी, सेठ नहीं है क्या?" मी म्हणायची, "आते अभी, बैठो." सेठ यायच्या आत त्यांचा माल बांधून झालेला असायचा.

आता शाळा आपापले गणवेशवाले ठरवून टाकतात. आमचा धंदा बसत चालला होता. तेवढ्यात जालना रोडवरच्या एका रेडिमेड कपड्यांच्या शोरूमला स्टॉक बघायला बाई हवी आहे, असं लेकीनं कुठंतरी वाचलं. ती एमबीए करते. तिथं त्यांना नोकरीचा अर्ज कसा करायचा, हे वर्ग घेऊन शिकवतात. आपण काय काम केलं एवढं लिहून भागत नाही, ते कसं केलं आणि त्यानं काय फरक पडला, तेही लिहायचं असतं म्हणे. लेकीनं मला दुकानातच, दुपारच्या रिकाम्या वेळेला, काउंटरच्या पलीकडं उभं राहून फैलावर घेतलं.

"कपडे बदलून न्यायला लोक किती यायचे आधी?"

"लई यायचे. जूनमध्ये तर रांग लागायची."

"मग आता का येत नाहीत?"

मला आठवून सांगावं लागलं, कारण ते काही सांगण्यासारखं आहे असं मला वाटलंच नव्हतं. सगळे दुकानदार मुलाला उभं करून कपडा घालून बघतात. उभ्या पोराला कुठलीही पँट बरोबरच बसते. पण पोरगं शाळेत दिवसभर बसलेलं असतं. मी एकदा सतरंजी टाकली आणि पोरांना नव्या कपड्यांत मांडी घालून बसवायला लागले. शिवण कुठं ओढते ते तिथंच कळायचं. बदलून न्यायला येणारे कमी झाले, एवढंच.

"एवढंच?" लेक म्हणाली आणि लिहीत बसली.

तिनं लिहिलं ते असं होतं: 'मुलांना बसवून माप तपासण्याची पद्धत सुरू केली, त्यामुळे बदलून दिला जाणारा माल निम्म्याहून कमी झाला.' त्याखाली: 'शाळांकडून वर्गवार पट आधीच मागवून मापांप्रमाणे माल भरला, त्यामुळे ऐन हंगामात गिऱ्हाईक रिकाम्या हाती परत गेलं नाही.' अशी चार-पाच वाक्यं होती. एकही खोटं नव्हतं. तरी वाचताना माझे कान तापले. मास्तर पाण्याची बाटली घ्यायला काउंटरजवळ आले, तर मी कागद पालथा घातला. माझं माहेर पिशोरचं. तिथं एखादी बाई आपण काय केलं ते सांगायला लागली, की म्हाताऱ्या एकमेकींकडं बघून म्हणायच्या, "लई शानी हाय." ते कौतुक नसायचं. मी लहानपणीच ठरवलं होतं, की हे वाक्य आपल्याबद्दल कुणाला म्हणू द्यायचं नाही.

कागदाच्या शेवटी, कामाची खात्री कुणाकडं करावी, त्याचं नाव आणि नंबर द्यायचा होता. लेकीनं यांचं नाव घातलं, पुढं 'मालक' लिहिलं आणि यांचा मोबाइल नंबर दिला. अर्ज करतेय हे यांना माहीत होतं. "बघ की, भेटलं तर भेटलं," एवढंच म्हणाले होते. पण अर्जात काय लिहिलंय ते त्यांना माहीत नव्हतं. कुणीतरी परक्या माणसानं फोन करून त्यांना ती वाक्यं वाचून दाखवायची, हे मला सहनच होईना. ते हसतील, अशी एक भीती. दुसरी भीती अशी, की त्यांना वाटेल, मी त्यांच्या गैरहजेरीची तक्रार लिहून दिली. प्रिंट काढायला गेले तेव्हा तिथल्या माणसाला सांगून मी तो नंबर बदलला आणि दुकानाचा घातला. दुकानाचा मोबाइल गल्ल्याजवळ पडलेला असतो आणि तो मीच उचलते, हे मला त्या वेळी सुचलं नाही असं नाही. मी स्वतःला म्हटलं, फोन कोण करत बसतंय.

मुलाखत चांगली झाली. शोरूमच्या मॅनेजर बाई माझ्याहून लहान होत्या, पण बोलायला गोड. मापांचं विचारलं, बिलिंगचं विचारलं, जाण्यायेण्याचं विचारलं. लेकीनं इतकं घोटून घेतलं होतं, की मी अडखळले नाही. निघताना त्या म्हणाल्या, "आमच्याकडून दुकानात एक फोन येईल, मग कळवते तुम्हाला." त्यांच्या हसण्यावरून मला वाटलं, झालं काम. मी रिक्षात एकटीच हसत बसले होते.

फोन आला तेव्हा दुकानात एक आई आपल्या मुलीला ट्युनिक घालून बघत होती. पलीकडून त्याच बाई. मी आवाज ओळखला, त्यांनी माझा ओळखला नाही.

"मालकांशी बोलायचं होतं."

"ते बाहेर गेलेत."

"तुमच्याकडं एक ताई काम बघतात, त्यांच्याबद्दल विचारायचं होतं. आपण कोण?"

इथं 'मीच ती' एवढं म्हणायचं होतं. मी म्हणाले, "मी दुकानातच असते."

"बरं. माल त्या स्वतः मागवतात का?"

"मागवतात. म्हणजे मालक सांगतात तसं."

"माल बदलून न्यायचं प्रमाण त्यांनी कमी केलं, असं लिहिलंय."

"कमी झालंय. आता त्यांनीच केलं असं काही म्हणता नाही येणार. सगळ्यांनीच केलं."

"सगळे म्हणजे किती जण आहात तुम्ही?"

मी मास्तरांकडं बघितलं. ते बटण लावत होते. मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. एवढं आठवतं, की बाईंनी शेवटी विचारलं, "पण दुकान त्याच सांभाळतात ना?" आणि मी म्हणाले, "बसतात अधूनमधून." असं म्हणताना माझा आवाज किती नम्र होता! आपण किती चांगल्या वळणाच्या आहोत, हे दाखवायला मी स्वतःचाच पाय ओढला. फोन ठेवल्यावर ट्युनिकवाली आई म्हणाली, "ताई, बरं नाही का तुम्हाला?"

मी कुणाला काही सांगितलं नाही. लेक रोज विचारायची, "आला का फोन?" मी नाही म्हणायची. तिनं दोन-तीन दिवस वाट बघितली आणि मग रविवारी जेवताना वडिलांनाच धरलं.

"पप्पा, शोरूममधून तुम्हाला काय विचारलं?"

"मला? मला तर नाय आला फोन."

"नंबर तुमचाच दिलाय."

दोघंही माझ्याकडं बघत होते. मग मी सगळं सांगितलं. नंबर बदलला ते, फोन मीच उचलला ते, आणि काय काय बोलले तेही. 'बसतात अधूनमधून'पर्यंत आले तेव्हा लेक उठून आत गेली. ती माझ्यावर इतकी कधी चिडली नव्हती.

हे चिडले नाहीत. भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "माझा नंबर राहू द्यायचा होतास. मी सांगितलं असतं."

"काय सांगितलं असतं?"

"व्हय, दुकान तीच बघती, म्हणून. मला तर कोणत्या शाळेची पँट कोणती ते बी कळत नाय."

इतक्या साध्या आवाजात म्हणाले! कालच्या भाजीबद्दल बोलावं तसं. हे वाक्य त्यांनी मला कधी म्हटलं नव्हतं, पण परक्या बाईला सांगायला ते तयार होते. आणि मी मात्र त्यांच्या तोंडी नको ते शब्द आधीच घालून ठेवले होते. त्या दिवशी मला स्वतःची जी लाज वाटली, ती फोनच्या दिवशीपेक्षा जास्त होती.

"आता लाव फोन," लेक दारातून म्हणाली. "आमच्यासमोर लाव."

मी लावला. बाईंनी उचलला. मी नाव सांगितलं आणि एका दमात म्हणून टाकलं, "मॅडम, त्या दिवशी दुकानात फोन उचलला ती मीच होते."

मग त्या म्हणाल्या, "मग असं का बोललात?"

"लाज वाटली."

"आणि कागदावर लिहिलंय ते?"

समोर हे बसले होते. त्यांच्याकडं न बघता मी म्हणाले, "ते खरं आहे. माल मी मागवते. मापं मी बघते. दुकान मी चालवते."

"अहो ताई," बाई हळहळून म्हणाल्या, "परवाच घेतलं आम्ही दुसऱ्या एकीला. त्या दिवशी एवढं जरी म्हणाला असतात!"

मी "बरं, बरं" म्हणत होते. फोन ठेवायचा तर त्याच पुन्हा म्हणाल्या, "एक विचारू का? ते बसवून माप बघायचं तुम्ही नेमकं कसं करता? आमच्या लहान मुलांच्या सेक्शनला फार माल परत येतो हो."

आणि मी सांगायला लागले. पोराला नुसतं बसवायचं नाही, बसल्या बसल्या दोन्ही हात वर करायला लावायचे. मग वाकून बुटाची लेस बांधायला सांगायची. आई वाढतं माप मागते, तर ते लांबीत द्यायचं, खांद्यात द्यायचं नाही. खाली दोन बोटं दुमड ठेवायची आणि ती आईला उलगडून दाखवायची. बाई मध्ये मध्ये म्हणत होत्या, "हळू सांगा, लिहून घेते." मी हळू सांगितलं.

समोरून हे हातानं खुणावत होते, नको, नको. मग न राहवून मोठ्यानं म्हणाले, "अगं, ते सांगायचा पगार असतो!"

तोवर माझं सगळं सांगून झालं होतं, आणि वर थँक यूसुद्धा मीच म्हणाले.