कुलरमधली सवत

सासूबाई गेल्यापासून मामाजी, म्हणजे माझे सासरे, कोणाशी धड बोलत नव्हते. मग उन्हाळ्यात आमच्या कुलरच्या टाकीत एक बेंडकी राहायला आली. लिंबाएवढी, खरबरीत पाठीची, अर्धा वेळ पाण्यात, अर्धा वेळ कुलरच्या जाळीतल्या ओल्या गवताला चिकटलेली. मी तिला झाडूनं बाहेर काढायला निघाले तर मामाजी आडवे आले.

झालं! तिच्यासाठी वेगळा टब, टबात वीट, संध्याकाळी दिव्याखालचे किडे. नळाच्या पाण्याला ब्लीचिंगचा वास येतो म्हणून ते एक दिवस बादलीत शिळं करून मगच टबात. माझ्या स्वयंपाकाची एवढी काळजी कोणी केली नाही बापा. "सासूबाईंची सवत आणली तुम्ही," मी म्हणायची, आणि मामाजी खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर धरून हसायचे. त्या हसण्यासाठी मी सगळं सहन केलं.

त्या साली पेरण्या झाल्या आणि पावसानं दडी मारली. मोहल्ल्यातल्या बायांनी धोंडी काढायचं ठरवलं. मुसळाला कडुनिंबाचा पाला आणि जिवंत बेंडूक बांधून घरोघर न्यायचं, प्रत्येक घरानं त्यावर पाणी ओतायचं. पण नाला आटलेला, बेंडूक आणायचा कुठून? आमच्या घरी आहे हे सगळ्या घाटंजी गावाला माहीत.

मामाजी दाढी करायला गेलते, तेवढ्यात तिघी दारात.

"एका तासाची त गोष्ट हाय व."

"मामाजींची हाय ते. त्यायले इचारल्याबिगर नाही."

"मंग पाऊस नाही आला त तुह्या नावानं बोटं मोडाव का आमी?"

याच बायांचे ब्लाऊज शिवते मी, रोज तोंड दाखवायचं. मी घाबरले आणि दिली. सुतळी नको, ओल्या चिंधीनं सैल बांधा, मामाजी यायच्या आत आणा, असं दहादा बजावलं. चिंधी त्यांनी खरंच सैल बांधली.

पहिलं घर आमचंच. मी तांब्याभर पाणी ओतलं आणि हात आपोआप करंड्याकडे गेला. पाल्यानं सजून दारात आलेलं ते देवच की! मी तिच्या पाठीवर हळद-कुंकवाची चिमूट लावली. मागच्या बाया बघत होत्या.

तास झाला, दीड तास झाला, मुसळ काही परत येईना. मामाजी आले. टबात पाहिलं.

"कोठी गेली?"

मी सांगितलं. ते अनवाणीच निघाले, मी बादली घेऊन मागे. धोंडी मारुतीच्या पाराजवळ सापडली. बेंडकी दिसतच नव्हती, नुसता लाल-पिवळा लेप. प्रत्येक दारात हळद-कुंकू लागलं होतं.

"पूजाच केली जी आमी," एक बाई म्हणाली. मामाजींनी कोणाकडे न बघता चिंधी सोडली. तिचे पाय लोंबत होते.

घरी येऊन ते टबाजवळ बसले. "कातड्यानं पाणी पेते ते. कातड्यानंच श्वास घेते." मग माझ्याकडे न बघता विचारलं, "पह्यलं कोनं लावलं?"

त्या बायांचं नाव अगदी ओठावर आलं होतं.

"म्या," मी म्हटलं.

त्यांनी बेंडकी माझ्या तळहातावर ठेवली. "मंग तूच धू."

मी तिला कधी हात लावला नव्हता. मामाजी शिळ्या पाण्याची बारीक धार सोडत होते, मी अंगठ्यानं पुसत होते. डोळ्यांच्या कडेचं कुंकू निघता निघेना. तिचा गळा हलत नव्हता. "हाल व माय, हाल," मी रडत म्हणत होते. पाणी लाल, मग गुलाबी, मग स्वच्छ. मामाजींनी दुसरी बादली ओढली. ती अर्धी संपली तेव्हा गळा एकदा हलला. थोड्या वेळानं पुन्हा.

"दिसलं?"

"दिसलं जी."

चार दिवसांनी पाऊस आला. बाया नारळ घेऊन आल्या, तुमच्या बेंडकीनंच आणला म्हणे. मामाजी खोलीतून बाहेर आले नाहीत.

बेंडकी अजून आहे. दाढीला जाताना मामाजी टब आपल्या खोलीत ठेवतात, कुलूप लावतात आणि किल्ली सोबत नेतात. परवा मी धीर करून म्हटलं, "काय जी मामाजी, सवत बरी हाय का?"

"बरी हाय," ते म्हणाले. दुपट्टा खांद्यावरच होता.