बोथट पानांचं हीथ

टास्मानियातल्या आमच्या ओलसर माळावर एखादं झुडूप फुललं, की त्याचं नाव मर्नाला विचारायचं, हा वीस वर्षांचा रिवाज. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली मर्ना आमच्या रविवारच्या भटक्या मंडळाची पुढारी. वाटेवरच्या नावांच्या पाट्याही तिनेच रंगवलेल्या.

मग डिलिस गावात राहायला आली. ती शिवणकाम करायची, नजर बारीक. नोव्हेंबरात एका पांढऱ्या फुलांच्या झुडपापाशी ती थांबली. पाटीवर 'लोकरी हीथ' लिहिलेलं; हीथ म्हणजे माळावरचं बारीक पानांचं झुडूप. डिलिस म्हणाली, लोकरी हीथचं पान बोटाला टोचतं, काडीवर लव असते. इथे दोन्ही नाही. हे बोथट पानांचं हीथ असावं. सगळे तिच्याभोवती जमले. पाटीपाशी मर्ना एकटीच उरली.

खात्रीसाठी फांदी शहरातल्या वनस्पती संग्रहालयाला पाठवायचं ठरलं. टपालाचं काम मर्नाकडे होतं. घरी तिने भिंग लावून पाहिलं. पानं खरंच बोथट होती. तिने फांदी चुलीत घातली आणि दलदलीपलीकडून खरं लोकरी हीथ तोडून आणून पाकिटात भरलं.

उत्तर आलं, लोकरी हीथ. मंडळाने टाळ्या वाजवल्या. डिलिसने मर्नाची माफी मागितली आणि पुढचे तीन रविवार ती फिरकलीच नाही. मर्नाला हवं होतं तेच झालं होतं, तरी डिलिसची रिकामी जागा तिला खुपत राहिली. शेवटी ती डिलिसच्या दारात जाऊन उभी राहिली.

"फांदी मी बदलली. तुझंच बरोबर होतं."

"मी डोळे तपासून आले, मर्ना. डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. मग वाटलं, डोकंच बिघडलं असेल."

"सगळे तुला विचारायला लागले होते. मला बघवेना."

"तसं म्हणायचंस. मी गप्प बसले असते."

"तेही मला खपलं नसतं."

डिलिसने तिला आत बोलावलं नाही.

पुढच्या रविवारी मर्नाने मंडळासमोर सगळं सांगितलं आणि पाटी खरवडून नवं नाव रंगवलं. उन्हाळा सरता सरता डिलिस पुन्हा येऊ लागली. आता लोक फांद्या घेऊन तिच्याकडेच जातात. मर्ना मागून चालते. डिलिस एकदा तरी चुकावी असं अजून वाटतं, हे तिने मला स्वतःच सांगितलं.