आईचा फोन झोपवला त्याची गोष्ट

आमच्या घरी एकदा एकाच दुपारी चार माणसांसाठी रडारड झाली. चौघंही धडधाकट होती. कारणीभूत मी होतो.

मी कोरेगावजवळच्या एका हायस्कुलात शिक्षक आहे. त्यातही 'तंत्रस्नेही शिक्षक'. तसं प्रमाणपत्र आमच्या बाहेरच्या खोलीत लावलेलं आहे. (प्रशिक्षण तीन दिवसांचं होतं. त्यातला दीड दिवस प्रोजेक्टर सुरू करण्यात गेला.) त्यामुळे आईनं तक्रार केली तेव्हा मला आनंदच झाला.

"बाळू, ह्या फोनात दमच न्हाई रं! दुपारपतूर मान टाकतोय."

"आण इकडं. दोन मिनिटांचं काम आहे."

मी सेटिंग्जमध्ये शिरलो, तिथून बॅटरीत, आणि समोर सगळ्या ॲपची यादी आली. कोण किती बॅटरी खातं ते अगदी क्रमवार! प्रत्येकापुढे तीन पर्याय: मोकळं सोडा, बेतानं चालू द्या, नाहीतर सरळ निर्बंध घाला. शिक्षकाच्या हातात असली यादी आली की काय होतं, ते सांगायला नको. मी हजेरी घ्यायलाच बसलो. भजनांचं ॲप? निर्बंध! राशिभविष्य? निर्बंध! पावलं मोजणारं ॲप? (आई फोन देवघरात ठेवून शेतात जायची.) निर्बंध! आणि सगळ्यात वर, सगळ्यांपेक्षा जास्त खाणारं, व्हिडिओ कॉलचं ते हिरवं ॲप. त्याला तर मी खास खुन्नस काढून झोपवलं.

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझा धाकटा भाऊ दत्ता फौजेत हवालदार आहे. तिकडं वर, डोंगरात. तो रोज सकाळी अकराला आईला व्हिडिओ कॉल करतो, त्याच हिरव्या ॲपवरून. आईला फोन उचलता येतो, उघडता येत नाही. वाजला की उचलायचा, एवढाच तिचा आणि फोनचा व्यवहार. शिवाय घरात वायफाय आहे म्हणून तिच्या सिमचं रिचार्ज मी कधीच बंद केलं होतं. ही दुसरी हुशारीसुद्धा माझीच!

संध्याकाळी बॅटरी जवळजवळ भरलेलीच! आई खूश. "लय गुणाचं केलंस रं."

दुसऱ्या दिवशी अकराला फोन वाजला नाही. आई म्हणाली, "ड्यूटी आसंल." तिसऱ्या दिवशीही वाजला नाही. संध्याकाळी ती जरा गप्प होती. पण उन्हाळकामं निघालेली, गहू भिजत घातलेला, माझी बायको सुनंदा बहिणीच्या मुलाच्या बारशाला सांगलीला गेलेली. तिकडं डोंगरात दत्ता मात्र रोज वीस-वीस कॉल करत होता. चौथ्या दिवशी त्याचा धीर सुटला आणि त्यानं म्हसवडच्या मामाला फोन लावला.

"मामा, आई तीन दिस फोन उचलंना. आज दादाचा बी लागंना. काय झालंय का घरात?"

मामानं आईचा नंबर लावला. त्यातली बाई म्हणाली, या क्रमांकावर सेवा उपलब्ध नाही. मामानं त्या वाक्याचा आपल्या परीनं अर्थ लावला आणि शिराळ्याच्या मावशीला कळवलं, "आक्काचं काय खरं दिसत न्हाई. मी निघालो. तू बी नीघ." मग सुनंदाला कळवलं. सुनंदा बारशातून तशीच उठली.

त्या वेळी आई गच्चीवर कुरडया घालत होती.

पहिल्यांदा मावशी पोचली. एसटीतून उतरली ती गल्लीच्या तोंडापासूनच "आक्काऽऽ! माझी आक्काऽऽ!" करत आली. आईनं वरून पाहिलं. सख्खी बहीण रडत येतीय म्हणजे तिचे यजमान, शिराळ्याचे काका, गेले! (त्यांना बीपी आहे.) मावशी गच्चीवर पोचायच्या आत आईनंही गळा काढला. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. आईचे दोन्ही हात गव्हाच्या चिकानं भरलेले.

"कसं झालं गं हे?" आई.

"मला काय ठाव? तूच सांग की!" मावशी.

"सोसायचं बग बाई आता."

"तूच सोसतीयास गं, तूच!"

एवढ्यात मामाची जीप आली. मामा गच्चीवर आला तर आक्का जित्ती, धाकटी बहीण जित्ती, आणि दोघी रडतायत. मग गेलं कोण? त्यानं इकडंतिकडं पाहिलं. घरात मी नव्हतो.

"मास्तर!" असं ओरडून मामा मटकन खाली बसला. ओल्या कुरडयांवर. "मास्तर गेला! लय गुणाचा हुता गं!" (मामा माझ्याबद्दल एवढं बरं आयुष्यात एकदाच बोललाय, आणि नेमका मी तिथं नव्हतो.)

मी साडेतीनला परीक्षेचं काम आटोपून आलो. दारात जीप, चपला, शेजारची माणसं. वरून आईचा हंबरडा. आणि मला एकच नाव सुचलं. दत्ता. फौजेतल्या माणसाच्या घरी दुसरं नाव सुचत नाही. जिना चौदा पायऱ्यांचा आहे, पण त्या दिवशी तो संपेना. वर पोचलो तेव्हा तोंडातून एवढंच निघालं,

"दत्ता?"

रडणं थांबलं. मामानं माझ्याकडं पाहिलं. "मास्तर, तू हायंस?"

"हाय की! दत्ताला काय झालं?"

"दत्ताला?" आईनं चिकाचे हात छातीला लावले. "माझ्या दत्ताला काय झालं रं?"

"त्याला काय हुतंय?" मामा चिडला. "त्यानंच तर फोन केलाय मला! म्हणला, आई फोन उचलंना!"

माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडू लागला: झोपवलेलं ॲप उघडल्याशिवाय वाजणार कसं? मी खाली धावलो, देवघरातून आईचा फोन आणला आणि ते हिरवं ॲप उघडलं. टुंग, टुंग, टुंग, टुंग! तीन दिवसांचे हुकलेले कॉल धबाधबा कोसळले. शेवटचा आवाज थांबतोय तोवर फोन वाजलाच.

दत्ता होता. त्याला पडद्यावर दिसली ती सुजलेल्या डोळ्यांची आई, मावशी, मामा आणि पाठीमागं अर्धी गल्ली.

"आई! कोण गेलं गं?"

"कोण न्हाई रं बाळा," आई हसत-रडत म्हणाली. तिनं पडद्यावरून हात फिरवला आणि दत्ताचं तोंड चिकानं माखलं. "तू जेवलास का?"

सगळा प्रकार ऐकून दत्ता म्हणाला, "दादा, हिकडं पहाऱ्यावर डुलकी लागली तर शिक्षा हुती. आन् तू पहारेकऱ्यालाच झोपवलंस व्हय?"

सुनंदा पाच वाजता पोचली. सासूला धडधाकट बघून तिनं डोळे पुसले आणि कुणी काही सांगायच्या आत माझ्याकडं वळून विचारलं, "काय केलंत तुम्ही?"

मग उरलेला चीक दूध-गूळ घालून सगळ्यांनी खाल्ला आणि माझी उलटतपासणी झाली.

"ते आसूं दे," मामा मागचा चीक खरवडत म्हणाला, "पर तुझा फोन का लागंना रं? चार येळा लावला मी!"

"परीक्षेत फोन कपाटात ठेवावा लागतो, मामा. नियमच आहे तसा."

सगळ्यांना ते पटलं. मलाही पटवून घ्यायला आवडलं असतं. पण खरं काय ते आज सांगून टाकतो. कपाटात ठेवायच्या आधीच माझा फोन बंद पडला होता. बॅटरी संपून!