आबांचा वाकस आणि अस्वलाचा मान

कॅनडाला जायचं म्हटल्यावर आबांनी सरळ नकार दिला होता. "तितं जाऊन मी काय करू? बर्फ मोजू?"

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझे वडील वैरागचे सुतार. लोखंडी खाटा आणि पत्र्याची दारं आली आणि चौकटी कोरून घ्यायला त्यांच्याकडे कुणी येईना. आई गेलेली. दिवसभर ओट्यावर बसून ते जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांतल्या चुका काढत. माझा भाऊ, दादा, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर प्रिन्स रूपर्ट गावी कागदाच्या गिरणीत इंजिनिअर होता. त्याने पत्रात लिहिलं, 'समोरच्या बेटांवर हैदा लोक राहतात. अख्ख्या झाडाचा एक खांब कोरतात. आबांना दाखवीन.' मी पत्र मोठ्याने वाचलं. आबांनी "अख्ख्या झाडाचा?" एवढंच विचारलं आणि दुसऱ्या दिवशी वाकसाला धार लावायला बसले. वाकस म्हणजे कुदळीसारखं आडवं पातं असलेलं, लाकूड तासायचं हत्यार.

सोलापूरच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत होते, म्हणून दुभाषी मीच. ह्यांनी मुलांना सांभाळायचं कबूल केलं. तिकिटं दादाने पाठवली. डॉलर मात्र सरकार मोजकेच देई, तेव्हा आम्ही कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणीचे डबे भरून घेतले. मुंबईला विमानतळावर साहेबाने सामान उघडायला लावलं. "हे कशाला?" वाकस बघून त्याने विचारलं. आबा म्हणाले, "सुतार हाय मी. मग काय पेन घिऊन जाऊ?" साहेब हसला आणि वाकस सामानात जाऊ दिला.

प्रिन्स रूपर्टला तीन दिवस नुसता पाऊस. बेटांवर तेव्हा पाण्यावर उतरणारं छोटं विमान जाई. दादासकट आम्ही तिघे त्यात बसलो. आता मोठी बोट आहे. सहा-आठ तास लागतात, पण पोटाला ती विमानापेक्षा बरी. आबांनी विमानात डोळे मिटले ते उतरल्यावरच उघडले. "मला काय बी झालं न्हाय," हेही त्यांनी न विचारता सांगितलं.

दादाच्या ओळखीचे वॉल्टर धक्क्यावर न्यायला आले होते. साठीचे, रुंद पंजांचे हैदा कारागीर. त्यांच्या लांबलचक शेडमध्ये तो खांब आडवा पडला होता. लाल सीडरचं, म्हणजे तिकडच्या देवदारासारख्या झाडाचं, लाकूड. नव्या पेन्सिलीला टोक काढल्यावर येतो तसा वास. तळाशी अस्वल, वर गरुड, मध्ये मला न उलगडलेले चेहरे. आबा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवत चालत गेले. मग पिशवीतून वाकस काढला. वॉल्टरनी आपलं हत्यार पुढे केलं. पात्याचा कोन जवळजवळ तोच! दोघे म्हातारे एकमेकांची हत्यारं उलटसुलट करून बघत राहिले. माझ्या इंग्रजीची कुणाला गरजच पडेना.

जेवताना वॉल्टर बोलले. लहानपणी सरकारने त्यांना घरापासून तोडून दूरच्या शाळेत घातलं. तिथे आपली भाषा बोललं की मार बसे. परत आल्यावर मामाने हातात हत्यार दिलं. पुढे मासेमारीवर घर चाललं, हिवाळ्यात काळ्या दगडाचे वीतभर खांब कोरून पर्यटकांना विकले. गावातले जुने मोठे खांब कुजून पडले. हयातीत गावात उभा राहणारा हा त्यांचा पहिला मोठा खांब. त्यांच्या बायकोने वाफवलेल्या माशावर आमची शेंगाचटणी घातली आणि दुसऱ्यांदा मागून घेतली. निघताना वॉल्टर म्हणाले, "उद्या याच. खांबाची पाठ पोखरायची आहे, तुमचा हात लागू द्या." आबांचा चेहरा खुलला. किती वर्षांनी कुणीतरी त्यांना कामाला बोलावलं होतं.

आणि तिथेच घोटाळा झाला. आमच्याकडे कारागिराकडे रिकाम्या हाताने जात नाहीत. आबांनी शेडमधला एक तुकडा मागून आणला होता. मुक्कामी संध्याकाळभर बसून त्यात खांबावरचं अस्वल हुबेहूब कोरलं. सकाळी दादाने त्यांचा अस्वल धरलेला फोटो काढला. शेडमध्ये आबांनी दोन्ही हातांनी ते वॉल्टरपुढे धरलं.

वॉल्टरनी घेतलं नाही. हत्यार खाली ठेवून ते बाहेर गेले.

खांब ज्या घराण्याने करून घेतला त्यातली वडीलधारी बाई, मॅगी, तिथेच बसली होती. तिने मला समजावलं. अस्वल हे तिच्या घराण्याचं चिन्ह. आईकडून लेकीकडे चालत आलेलं. वॉल्टर दुसऱ्या घराण्याचे, त्यांनाही ते फक्त या खांबापुरतं कोरायची परवानगी. आता परक्याने त्यांच्या शेडमध्ये बघून ते कोरलं, तर मान खाली जाणार ती त्यांची.

मी घाबरत घाबरत आबांना सांगितलं. 

"म्हंजे मान हाय त्यो त्यांचा," ते म्हणाले. "आपल्या जत्रंत पयला नारळ पाटलाच्या घरचा. दुसऱ्यानं फोडला तर चालंल व्हय? लई मोटी चूक झाली, बाय."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, अस्वल मॅगीच्या पायाशी ठेवलं आणि हात जोडले. "मला ठावं नव्हतं. तुमचं तुमी घ्या."

मी भाषांतर केलं.  मॅगीने अस्वल झग्याच्या खिशात टाकलं आणि विचारलं, "तुमच्या घराण्याचं काय आहे?"

आबा म्हणाले, "चौकटीवरचा गणपती. बाचा बा कोरायचा. आता कोण कोरून घेतंय?"

मॅगी उठून बाहेर गेली आणि वॉल्टरना घेऊन आली. वॉल्टरनी खांबाच्या पाठीकडे बोट दाखवलं. पुढचे चार दिवस आबा तिथे ओणवे होते. पाठीवरचं काम कुणाला दिसत नाही, पण पाठ पोखरली नाही तर वजन पेलत नाही.

खांब दोरांनी, माणसांच्या बळावर उभा राहिला. एक दोर आबांच्याही हातात होता. नंतरच्या जेवणावळीत मॅगीने प्रत्येक पाहुण्याला काही ना काही दिलं. आम्हाला एक घोंगडी. आबा घेईनात. मॅगी म्हणाली, "ही भेट नाही, साक्षीदाराची मजुरी आहे. तुम्ही पाहिलंत. आता घरी जाऊन सांगायचं."

वैरागला आबांनी ती मजुरी चोख फेडली. सलूनमध्ये, बाजारात, माझ्या सासरीसुद्धा ती गोष्ट सांगितली, स्वतःच्या चुकीसकट. पुढच्याच महिन्यात वाकस काढून त्यांनी माझ्या सोलापूरच्या दारासाठी गणपती कोरला.

आबा गेले. घोंगडी माझ्याकडे आहे, म्हणून सांगायचं काम माझ्याकडे आलं. आबांचा अस्वल धरलेला तो फोटोही आहे. त्यात ते इतके खूश दिसतात, की इथे लावायचा मोह रोज होतो. पण अस्वल मॅगीच्या घराण्याचं, तेव्हा तुम्हाला तो इथे दिसणार नाही. दारावरच्या गणपतीचा खाली लावलाय, तो बघा.